वल्मीक, नाडीव्रण आणि ॲक्टिनोमायकोसिस : संक्रमण व निदान

आयुर्वेदीय व्यवसायात नाडीव्रणाचा रुग्ण आला नाही असा महिना क्वचितच जातो. पुष्कळदा आपण शोधन-रोपण करतो, वर्ती घालतो, गुग्गुळकल्प देतो आणि व्रण भरूनही येतो. परंतु काही व्रण भरल्यासारखे वाटतात व पुन्हा शेजारीच नवे मुख करून वाहू लागतात. अशा व्रणांमागे असणाऱ्या एका जीवाणूवर्गाचा परिचय वैद्यबंधू-भगिनींना व औषधविक्रेत्यांना करून द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक रुग्ण

कोराडी परिसरातील एक मध्यमवयीन शेतकरी उजव्या तळपायाच्या सुजेसाठी आमच्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी बाभळीचा काटा मोडला होता, एवढेच त्यांना आठवत होते. सूज कठीण होती, वेदना जवळजवळ नव्हती आणि तीन मुखांतून पातळ पूयस्राव होत होता. आम्ही नाडीव्रण समजून चार महिने चिकित्सा केली. एक मुख बंद झाले की दुसरे उघडे. एके दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आम्हाला सहज विचारले, “काढलेली पट्टी कधी उजेडात धरून पाहिलीत का?” पाहिली नव्हती. पाहिली तेव्हा गॉजवर खसखशीपेक्षाही लहान, पिवळसर पांढरे कण चिकटलेले दिसले. पुढे नागपूरच्या रुग्णालयात ऊतिपरीक्षा होऊन निदान झाले : ॲक्टिनोमायसेटोमा. क्ष-किरण चित्रात अस्थीवर परिणामास नुकतीच सुरुवात झाली होती. दीर्घ औषधोपचाराने पाय वाचला. मात्र ते चार महिने आमच्या हातून गेले, हे आम्ही येथे मुद्दाम नोंदवीत आहोत.

आणखी एक गोष्ट. “लागण होईल” या भीतीने घरच्यांनी त्यांचे अंथरूण व ताट वेगळे केले होते. हा व्याधी स्पर्शाने पसरत नाही हे त्यांना सांगणे आमचे काम होते. ज्ञानाअभावी तेही आमच्याकडून झाले नाही.

शास्त्रीय आधार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, क्षुद्ररोगांच्या तेराव्या अध्यायात, ‘वल्मीक’ हा व्याधी वर्णिला आहे. हात-पायांचे तळ, संधी, ग्रीवा व जत्रूच्या वरचा भाग ही त्याची स्थाने. वारुळाप्रमाणे हळूहळू वाढणारी ग्रंथी व तिला अनेक स्रवणारी मुखे हे त्याचे स्वरूप. चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात शस्त्र, क्षार व अग्नी यांचा उपयोग सांगितला असून, हातापायांवरील अनेक छिद्रांचे व शोथयुक्त वल्मीक वर्ज्य मानले आहे. पायावरील वल्मीक मायसेटोमाशी आणि ग्रीवा-हनुप्रदेशातील वल्मीक ॲक्टिनोमायकोसिसशी लक्षणांनी पुष्कळ जुळते. दोन्ही एकच आहेत असा आग्रह आम्ही धरीत नाही. पण जो व्याधी आचार्यांनी वर्ज्य ठरविला त्यास आज, वेळीच निदान झाल्यास, उपाय उपलब्ध आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

नाव आणि गैरसमज

‘ॲक्टिनोमायसिस’ या नावाचा अर्थ किरणांसारखी बुरशी. 1877 मध्ये बोलिंजर यांनी गुरांच्या जबड्यातील गाठींत हा जंतू वर्णिला आणि हार्झ यांनी त्यास हे नाव दिले. 1878 मध्ये जेम्स इस्राएल यांनी मानवातील रुग्ण नोंदविले. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्यांसारखे तंतू दिसत असल्याने त्यास बुरशी मानले गेले. वस्तुतः तो जीवाणू आहे. म्हणून बुरशीनाशक औषधे येथे निरुपयोगी ठरतात. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसची साथ विदर्भाने अनुभवली. तेव्हापासून मधुमेही रुग्णाच्या जबड्यातील प्रत्येक विकारास ‘काळी बुरशी’ म्हणण्याकडे कल दिसतो. त्या प्रसंगी हा भेद अधिकच महत्त्वाचा ठरतो.

मायसेटोमाच्या अभ्यासाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. 1842 मध्ये मदुराई येथे या विकाराची नोंद झाली, म्हणून त्यास ‘मदुरा पाद’ म्हणतात. ‘मायसेटोमा’ हे नाव मात्र 1860 मध्ये मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. हेन्री व्हॅनडाईक कार्टर यांनी सुचविले. पुढे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. 1874 मध्ये त्यांनी या विकारावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला.

संक्रमण

तीन विकार परस्परांशी संबंधित असले तरी त्यांचे शरीरात येण्याचे मार्ग भिन्न आहेत.

1) ॲक्टिनोमायकोसिस : मुख्य कारक ॲक्टिनोमायसिस इस्राएली. हा निरोगी माणसाच्या मुखात, आतड्यात व स्त्रियांच्या जननमार्गात स्वभावतःच राहतो. दात काढणे, किडका दात, जबड्यास मार, शस्त्रकर्म अशा कारणांनी श्लेष्मल त्वचा भंगली की तो खोलवर जातो. मुखातील स्राव श्वासमार्गात गेल्यास फुप्फुसात, अपेंडिक्स फुटल्यास उदरात, तर दीर्घकाळ राहिलेल्या गर्भनिरोधक साधनामुळे श्रोणीत विकार उद्भवतो. सुमारे निम्मे रुग्ण हनु-ग्रीवा प्रदेशाचे असतात. रुग्णाकडून दुसऱ्यास याची लागण होत नाही. गुरांच्या जबड्याचा विकार ॲक्टिनोमायसिस बोव्हिस या वेगळ्या जातीमुळे होतो. गोठ्यातील जनावरापासून तो गोपालकास जडतो असे मानण्यास आधार नाही.

2) नोकार्डिओसिस : नोकार्डिया मातीत राहतो. धुळीबरोबर श्वासावाटे तो फुप्फुसात जातो, विशेषतः स्टेरॉईड घेणारे, अवयवरोपण झालेले वा प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांच्यात. तेथून मेंदूतही पसरू शकतो. जखमेवाटे त्वचेतही शिरतो.

3) ॲक्टिनोमायसेटोमा : नोकार्डिया, ॲक्टिनोमॅड्युरा व स्ट्रेप्टोमायसिस हे मातीतील जीवाणू काटा वा धसकट यांच्याबरोबर त्वचेखाली रुजतात. म्हणून अनवाणी शेतकाम करणाऱ्यांच्या पायास तो अधिक होतो. नवरात्रात कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनास अनवाणी येणाऱ्यांची श्रद्धा आम्ही जाणतो. व्रत पाळावे, पण रोज पाय धुऊन पाहावे आणि मोडलेला काटा पूर्ण काढून घ्यावा, एवढे त्यांना अवश्य सांगावे.

लक्षणे

हनुप्रदेशातील ॲक्टिनोमायकोसिसमध्ये जबड्याच्या कोनाजवळ लाकडासारखी कठीण, निळसर तांबडी सूज येते. ती ऊतींच्या मर्यादा न जुमानता पसरते व त्वचेवर अनेक मुखे उघडते. मायसेटोमात वेदनारहित सूज, अनेक नाड्या आणि स्रावातील कण अशी त्रयी आढळते. वेदना नसल्यामुळेच रुग्ण उशिरा येतो.

निदान : पट्टीपासून प्रयोगशाळेपर्यंत

निदानाची पहिली पायरी आपल्याच चिकित्सालयात आहे. व्रणमुख सलाइनने स्वच्छ करून कोरडा निर्जंतुक गॉज रात्रभर ठेवावा व सकाळी भिंगाखाली पाहावा. कणांचा रंग नोंदवावा. काळा कण बुरशीजन्य मायसेटोमा सुचवितो, तांबडा कण ॲक्टिनोमॅड्युरा पेलेटिएरी या जीवाणूकडे बोट दाखवितो. पांढरा वा पिवळा कण दोहोंतही आढळतो, म्हणून केवळ रंगावर निर्णय देऊ नये.

कण दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून ग्रॅम रंजन केल्यास जीवाणूंचे तंतू सुमारे एक मायक्रोमीटर वा त्याहून बारीक दिसतात. बुरशीचे तंतू त्याहून बरेच जाड असतात. नोकार्डिया सौम्य आम्लाच्या रंजनपद्धतीत आम्लरोधी दिसतो, ॲक्टिनोमायसिस दिसत नाही. म्हणून क्षयासाठीच्या नेहमीच्या थुंकी-तपासणीवर विसंबल्यास नोकार्डिया निसटू शकतो.

नमुना पाठविताना पुढील काळजी घ्यावी :

— वरवरचा पू कापसावर टिपण्यापेक्षा खोलचा पू सिरिंजमध्ये घ्यावा. ॲक्टिनोमायसिस प्राणवायूविरहित स्थितीत वाढतो, तेव्हा नमुना हवाबंद व विनाविलंब पोचावा.
— संवर्धनाचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये कदापि घालू नये. ऊतिपरीक्षेचा तुकडा मात्र फॉर्मॅलिनमध्येच द्यावा.
— चिठ्ठीवर आपला संशय स्पष्ट लिहावा. वाढीस दोन आठवडे वा अधिक लागू शकतात. संशय न कळविल्यास दोन-तीन दिवसांतच ‘वाढ नाही’ असा अहवाल येऊ शकतो.
— नमुना घेण्यापूर्वी प्रतिजैविक, क्षार, अग्निकर्म वा दाहक लेप यांचा प्रयोग करू नये.

अस्थीचा सहभाग पाहण्यासाठी क्ष-किरण, आवश्यक तेथे एमआरआय करावा.

सापेक्ष निदान

गंडमाळा-अपची, अस्थिविद्रधी, दंतमूलविद्रधी व अर्बुद यांचा विचार करावा. मानेवरील वाहती गाठ म्हणजे क्षयच, असे गृहीत धरून चाचणीविना क्षयाची औषधे सुरू होतात; त्यांनी क्वचित तात्पुरता उतार पडतो आणि मूळ व्याधी लपतो. आपल्या भागात खर्रा खाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. अशा रुग्णाच्या जबड्याची कठीण सूज कर्करोगाचीही असू शकते. तेथे ऊतिपरीक्षा झाल्याखेरीज एक दिवसही औषधावर घालवू नये.

चिकित्सेविषयी थोडे

ॲक्टिनोमायकोसिसमध्ये पेनिसिलिन वर्गाची औषधे दीर्घकाळ, गंभीर रुग्णात सहा ते बारा महिने, द्यावी लागतात. नोकार्डिया व ॲक्टिनोमायसेटोमात को-ट्रायमोक्साझोल हा मुख्य आधार असून काही रुग्णांत अमिकासिन जोडतात. बुरशीजन्य मायसेटोमात इट्राकोनाझोल व शस्त्रकर्म लागते. कण जीवाणूचा की बुरशीचा यावरच पाय राखण्याचा मार्ग ठरतो. हे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावेत. वैद्याने व्रणोपचार, पथ्य, बल व मधुमेहनियंत्रण यांत साहाय्य करावे आणि आपण देत असलेल्या औषधांची, विशेषतः रसौषधींची, लेखी माहिती तज्ज्ञांस द्यावी. अमिकासिनमुळे मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांवर परिणाम होऊ शकत असल्याने हे अत्यावश्यक आहे.

औषधविक्रेत्यांस विनंती

एकच ग्राहक वारंवार गॉज, मलम आणि “मागच्या वेळच्याच पाच गोळ्या” मागत असेल, तर व्रण किती दिवसांचा आहे, एवढे विचारावे. चिठ्ठीविना दिलेल्या अर्धवट मात्रेने स्राव थांबतो, संवर्धन निष्फळ होते आणि जीवाणू आत राहतो. उलट दीर्घ उपचार चालू असलेला रुग्ण महिन्याच्या औषधासाठी आला नाही, तर त्याची चौकशी करावी. क्षयाची औषधे 2014 पासून परिशिष्ट एच-1 मध्ये आहेत. त्यांची नोंद तीन वर्षे जपण्याच्या नियमामागेही हाच विचार आहे.

उपसंहार

तीन आठवड्यांत न भरणारा, वेदना नसलेला, एकाहून अधिक मुखांचा व्रण दिसला की वल्मीक आठवावे, पट्टी उजेडात पाहावी, नमुना पाठवावा आणि घरच्यांना निर्भय करावे. आमच्या त्या रुग्णाचे ताट आता घरच्यांच्या पंगतीत आहे. आमच्या चिकित्सालयात व्रणाची काढलेली पट्टी न पाहता टाकली जात नाही. आपल्याही चिकित्सालयात हा प्रघात पडावा, ही विनंती.