पिन देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नव्हे

दुकानाच्या गल्ल्याला कुलूप असते आणि किल्ली मालकाच्या कमरेला असते. ती किल्ली एखाद्या अनोळखी माणसाने फोनवरून मागितली तर आपण देऊ काय? मुळीच नाही. परंतु मोबाईलमधल्या गल्ल्याची किल्ली आपले कितीतरी व्यापारी व कारागीर बांधव नकळत परक्याच्या हाती देऊन बसतात. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे.

यूपीआयची पद्धत 2016 साली सुरू झाली. आज भाजीच्या गाडीपासून यंत्रमागाच्या कारखान्यापर्यंत सर्वत्र ती चालते. चेक देऊन चूक लक्षात आली तर तो वटण्यापूर्वी बँकेला कळवून थांबविता येतो. यूपीआयची रक्कम मात्र त्याच क्षणी दुसऱ्याच्या खात्यात पडते व ती आपल्या हाताने परत आणता येत नाही. म्हणूनच सावधगिरी आधी हवी.

एकच नियम

पिन लागतो तो पैसे देताना, किंवा खात्यातील शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. एवढे एक वाक्य पाठ केले तरी निम्मी फसवणूक टळेल.

उदाहरण पाहू. फर्निचरच्या कारागिराला फोन येतो, "लष्करी छावणीतून बोलतोय, वीस खुर्च्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो." भाव न करता सौदा पक्का होतो. विश्वास बसावा म्हणून एक रुपया खरोखर पाठविला जातो. मग व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड येतो, "हा स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल." कारागीर पिन टाकतो आणि लाकडासाठी ठेवलेले पैसे निघून जातात. क्यूआर स्कॅन करणे म्हणजे पैसे देणे, घेणे नव्हे.

गल्ल्यावर काय पाहावे

ग्राहकाने दाखविलेला स्क्रीन हा पुरावा नव्हे. खोटी पावती दाखविणारी ॲप निघाली आहेत. साउंडबॉक्सने रक्कम सांगितली, किंवा आपल्याच ॲपमध्ये ती जमा दिसली, तरच माल द्यावा. गर्दीच्या वेळी हे अधिक पाळावे, कारण ठग गर्दीचीच वेळ निवडतो. नोकराला साउंडबॉक्सवर विसंबू द्यावे, पण पिन सांगू नये.

दुकान उघडताच दारावरील क्यूआर स्टिकर रोज तपासावे. रात्रीतून त्यावर दुसरे स्टिकर चिकटविल्याचे प्रकार घडले आहेत. स्वतःच्या दुसऱ्या फोनने स्कॅन करून नाव आपलेच येते का, ते पाहावे.

किल्ली चोरीला कशी जाते

1. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, त्यावरील मुदतीची तारीख आणि ओटीपी यांच्या आधारे नवा पिन बसविता येतो. म्हणून कार्डाचा फोटो कोणालाही पाठवू नये.

2. "हा मेसेज अमुक नंबरवर पाठवा" असे कोणी सांगितले तर पाठवू नये. यूपीआय ॲप आपला नंबर अशाच मेसेजवरून ओळखते. तो पाठविला की आपला नंबर ठगाच्या फोनवर नोंदला जाऊ शकतो.

3. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नये. फोनवरील माणसाच्या सांगण्यावरून आपला स्क्रीन त्याला दाखविणारे ॲपही घेऊ नये.

4. सिमचे नेटवर्क अचानक जाऊन बराच वेळ आले नाही, तर दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाईल कंपनीला व बँकेला कळवावे.

5. बँकेचा मदत क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. पासबुकावरील किंवा कार्डाच्या मागील क्रमांकच वापरावा.

आमचा आणखी एक सल्ला आहे. दुकानाच्या यूपीआयला वेगळे खाते जोडावे आणि संध्याकाळी त्यातील रक्कम मुख्य खात्यात वळवावी. मुख्य खाते मोबाईलला जोडू नये. चोर आलाच तरी एका दिवसाचाच गल्ला त्याच्या हाती लागेल.

फसवणूक झालीच तर

लाजेपोटी गप्प बसू नये. 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. रक्कम ठगाच्या खात्यातून पुढे सरकण्याआधी ती गोठविता येते, म्हणून येथे एकेक मिनिट मोलाचे आहे. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवावा. बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात तत्त्व घालून दिले. चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत त्याने कळविले, तर नुकसान त्याच्यावर पडू नये. पण पिन वा ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळविण्यापूर्वी झालेले नुकसान आपल्यालाच सोसावे लागते. तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

हा लेख दुकानातील पोराला, कारखान्यातील कारागिराला व घरच्या मंडळींना वाचून दाखवावा, ही विनंती. गल्ला एकाचा असला तरी त्यावर सारे घर चालते.