मे महिन्यात तंजावर?

प्रश्न : मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्यातच तंजावरला जाणं जमतंय. उन्हात हाल होतील का?

उत्तर : जरूर जा, फक्त दिवसाची आखणी उन्हाप्रमाणे करा. बृहदीश्वर मंदिर सकाळी सहाच्या सुमारास गाठा. आत अनवाणी फिरावं लागतं आणि दहानंतर फरसबंदीचा दगड असा तापतो की मुलं रडकुंडीला येतात. पातळ मोजे जवळ ठेवा. इ. स. १०१० च्या सुमारास राजराज चोळानं पूर्ण केलेलं ते शिखर कोवळ्या उन्हात निवांत पाहा. तिथल्याच भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे. तो चुकवलात तर मला खरंच वाईट वाटेल! उन्हाचा तडाखा वाढला की राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय पाहा. जेवण दुपारी केळीच्या पानावर, रात्री हलकं. रस्त्यावर ताडगोळे दिसले की थांबा, ऐन हंगाम असतो. तिरुवैयारूचा मूगडाळीचा, तुपानं थबथबलेला अशोका हलवा गरमच खा. डब्यात भरून घरी आणलेल्याला ती चव नाही.