अंगावरील धातू आणि विद्युत्चुंबकीय प्रारण : वैद्यांसाठी विवेचन

विषयप्रवेश

यवतमाळ जिल्ह्यात वैद्याकडे येणारा रुग्ण बहुधा अंगावर काही ना काही धातू धारण करूनच येतो. मंगळसूत्र, जोडवी, बुगडी, तांब्याचे कडे, नालेची अंगठी, करदोड्यात ओवलेला ताईत ही नित्याची उदाहरणे होत. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील तांड्यांवरील वयस्क बंजारा स्त्रियांच्या गालालगत चांदीची घुगरी-टोपली आजही दिसते. मोबाइल घरोघरी पोहोचल्यापासून या रुग्णांकडून आम्हाला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. धातू लहरींना शरीरात ओढून घेतो काय? आणि अमुक धातूचे पदक घातल्यास लहरींपासून रक्षण होते काय? दोन्हींचे उत्तर वैद्याला नेमकेपणाने देता आले पाहिजे, कारण या उत्तराशी रुग्णाची सुरक्षितता निगडित आहे.

शोषणाची मीमांसा

मोबाइलच्या लहरी ऊतींत शिरल्या की त्यांची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. दर किलोग्रॅम ऊतीमागे किती वॅट शोषले गेले, हे एसएआर या मापाने सांगतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल संचासाठी ही मर्यादा १ ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर दर किलोग्रॅम १.६ वॅट अशी ठरविण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा २ब गटात ठेवले. म्हणजे पुरावा मर्यादित आहे, सिद्धता नाही.

धातू ही ऊर्जा स्वतः फारशी शोषून घेत नाही. त्याच्या पृष्ठभागावर विद्युत्प्रवाह निर्माण होतो व त्यामुळे आसपासच्या क्षेत्राची वाटणी बदलते. एके ठिकाणी शोषण वाढते, तर शेजारी ते घटते. परिणाम किती होईल हे मुख्यतः लांबीवर अवलंबून असते. लांबी लहरीच्या निम्म्या लांबीच्या जवळ आली की धातू अँटेनासारखा वागतो. ९०० मेगाहर्ट्झला ही लांबी सुमारे १६.५ सेंटिमीटर आणि १८०० मेगाहर्ट्झला सुमारे ८ सेंटिमीटर भरते. त्वचेला लागून असलेल्या धातूत ती आणखी कमी होते. म्हणूनच चमकीचा परिणाम नगण्य, तर चष्म्याची दांडी किंवा गालावर लोंबणारी लांब साखळी विचारात घेण्याजोगी ठरते.

इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील संशोधकांनी २००४ मध्ये धातूच्या चष्म्याचा आणि २००८ मध्ये चेहऱ्यावरील सरळ दागिन्यांचा संगणकीय प्रतिरूपांच्या साहाय्याने अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तूचा आकार, स्थान व लहरींची वारंवारता यांनुसार शोषणात स्थानिक बदल होतो, हे त्यातून दिसते. परंतु संचाची शक्तीच अल्प असते. जुन्या जीएसएम संचाची सरासरी कमाल पाव वॅटच्या आसपास होती व चौथ्या पिढीच्या संचाचीही तेवढीच आहे. संकेत क्षीण असेल तेथे संच आपली शक्ती अनेक पटींनी वाढवितो. डोंगराआड वा जंगलालगतच्या गावात ही बाब दागिन्यापेक्षा अधिक महत्त्वाची ठरते. तेव्हा मोबाइलच्या भीतीने मंगळसूत्र उतरविण्यास सांगण्याचे कारण नाही. संच चोळीत न ठेवता पिशवीत ठेवणे आणि दीर्घ संभाषण स्पीकरवर करणे एवढा उपदेश पुरेसा आहे.

जेथे धोका खरा आहे

याच तत्त्वाचे गंभीर रूप एमआरआय तपासणीत दिसते. गृध्रसी, कटिग्रह, मन्यास्तंभ या व्याधींचे रुग्ण आपण यवतमाळ वा नागपूर येथे या तपासणीसाठी पाठवितो, आणि धातू धारण करणारे रुग्ण यांतच अधिक असतात. १.५ टेस्लाच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे नळकांडे घेऊन आत गेलेला एक नातेवाईक यंत्राकडे खेचला जाऊन मृत्यू पावला. लोहयुक्त वस्तूचा धोका यावरून ध्यानी येतो.

मात्र सोने, चांदी व तांबे चुंबकाला चिकटत नाहीत म्हणून ते निर्धोक आहेत, हा समज चुकीचा आहे. त्याच यंत्रातून सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या प्रबळ लहरीही सोडल्या जातात. हे धातू उत्तम विद्युत्वाहक असल्याने कडे, बांगडी यांसारख्या बंद वलयांत प्रवाह निर्माण होऊन त्वचा भाजू शकते. कटीच्या तपासणीत करदोड्यातील ताईत नेमका क्षेत्राच्या मध्यभागी येतो व तो वस्त्राखाली असल्याने तंत्रज्ञाच्या नजरेतून सुटू शकतो. भौतिकोपचारातील २७.१२ मेगाहर्ट्झच्या शॉर्टवेव्ह डायथर्मीलाही हाच नियम लागू आहे.

रक्षक पदकांचा बाजार

लहरींपासून रक्षण करणारी म्हणून पदके, कडी व मोबाइलवर चिकटविण्याच्या चकत्या विकल्या जातात. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २००२ मध्ये अशा चकत्या विकणाऱ्या दोन कंपन्यांवर कारवाई केली. संचाचा काही भाग झाकल्याने संपूर्ण संचाचे उत्सर्जन थांबत नाही. उलट संकेतात अडथळा आल्यास संच अधिक शक्ती वापरतो. डिसेंबर २०२१ मध्ये तर नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा दहा वस्तूंतून आयनीकारक प्रारण बाहेर पडत असल्याचे जाहीर करून त्या वापरू नयेत असे बजावले. रक्षणार्थ घेतलेली वस्तूच अपायकारक ठरावी, हा विपर्यास होय.

ग्रंथांचा आधार कोठवर?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात स्वस्थवृत्ताच्या अंगाने रत्न व आभरण धारण करण्याचा निर्देश आहे. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कर्णवेध रक्षण व भूषण या हेतूंनी सांगितला आहे. रसशास्त्रात धातूंचा विचार शोधन-मारणानंतर आभ्यंतर प्रयोगासाठी येतो. यांपैकी कोठेही विद्युत्चुंबकीय लहरींचा विषय नाही. म्हणून या वचनांच्या आधारे पदकांचे समर्थन करणे हे शास्त्रावर अध्यारोप करणे होय. मात्र देश, काल व मात्रा यांचा विचार करण्याची आपली पद्धती येथे उपयोगी पडते. धातू शरीराच्या कोणत्या भागी आहे, संपर्क किती काळ आहे आणि क्षेत्र किती प्रबळ आहे, या तीन प्रश्नांतच वरील सर्व विवेचन सामावते.

चिकित्सकांसाठी सूचना

१. एमआरआयसाठी चिठ्ठी देताना अंगावरील धातूंची यादी विचारावी. करदोडा, दंडातील ताईत, जोडवी, केसांतील पिना यांची नावे घेऊन विचारावे. 'धातू आहे काय' एवढ्याने उत्तर मिळत नाही.

२. पेसमेकर, अस्थिभंगातील सळई, डोळ्यात गेलेला लोहकण यांचा इतिहास चिठ्ठीवर स्पष्ट लिहावा.

३. घट्ट जोडवी वा कडे आदल्या दिवशी तेल अथवा साबण लावून काढावे. न निघाल्यास सोनाराकडून कापून घ्यावे.

४. मंगळसूत्र उतरविण्यास स्त्रिया कचरतात. तेवढ्या वेळेपुरते पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधण्याची आपल्याकडील रीत सुचविल्यास संकोच दूर होतो. घुगरी-टोपली उतरवायची असल्यास घरातील ज्येष्ठ स्त्रीस सोबत घेऊन समजावावे.

५. रक्षक पदके आपल्या चिकित्सालयात विक्रीस ठेवू नयेत.

उपसंहार

अंगावरील धातू मोबाइलच्या बाबतीत भयाचे कारण नाही आणि रक्षणाचे साधनही नाही. प्रबळ क्षेत्रात मात्र तोच धातू इजा करू शकतो. तपासणी केंद्रावर पुन्हा विचारणा होईलच. परंतु गर्दीत, अनोळखी वातावरणात रुग्ण संकोचाने गप्प राहतो. आपल्या वैद्याला तो मोकळेपणाने सांगतो. म्हणून ही पृच्छा आपल्याच रुग्णकक्षात व्हावी, अशी आमची वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे.