तत्त्वज्ञान परिषदेसाठी शोधनिबंध कसा पाठवावा?

दरवर्षी वर्षावासात आपल्या विहारात ग्रंथवाचन होते. आपल्यापैकी अनेकांनी त्रिपिटकातील महत्त्वाची सुत्ते अनुवादातून वाचली आहेत. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ तर काही उपासकांच्या इतका हाताखालचा झाला आहे, की कोणता प्रसंग कोणत्या भागात आहे ते पुस्तक न उघडता सांगतात. असे असूनही प्राचीन तत्त्वज्ञानावर विद्वानांची परिषद भरते, बुद्धाच्या विचारावर चर्चा होते, तेव्हा तेथे आपल्यातले किती जण निबंध वाचतात? फारच थोडे. आपले बोलणे आपल्या मंडपात होते आणि तेथेच टाळ्या मिळवून संपते. प्रस्तुत लेखात यावर आमच्या अभ्यासमंडळाला आलेला अनुभव आणि त्यातून मिळालेला धडा सांगावयाचा आहे.

आमचा पहिला निबंध

काही वर्षांपूर्वी एका परिषदेचे निवेदन आमच्या हाती आले. विषय होता प्राचीन तत्त्वज्ञानातील ज्ञानाची प्रमाणे. आम्ही मंडळातील पाच जण, म्हणजे दोन बँकेतले, एक रेल्वेतले, एक शिक्षिका आणि एक निवृत्त गुरुजी. चार रविवार बसून आम्ही कालाम सुत्तावर तीनशे शब्दांचा सारांश तयार केला. त्यात दोन विधाने ठासून केली होती. पहिले असे, की बुद्ध हे जगातील पहिले बुद्धिवादी. दुसरे असे, की जे तर्काला पटेल तेच स्वीकारा, असे त्यांनी कालामांना सांगितले.

महिन्याभराने सारांश नापसंतीच्या शेऱ्यासह परत आला. परीक्षकाने दोनच गोष्टी विचारल्या होत्या. 'पहिले' हे कोणत्या कालगणनेवरून? आणि मूळ पालीत तर्काबद्दल काय म्हटले आहे, ते पाहिले काय?

आम्हांला राग आला हे कबूल केले पाहिजे. आपले म्हणून डावलले, असेही एक-दोघे बोलले. डावलले जाण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही, त्यामुळे ती शंका येणे स्वाभाविक होते. पण गुरुजी शांतपणे म्हणाले, "अहो, निबंधावर आपले नाव तरी होते का? नाव झाकून पाठवायची अट होती. आधी सुत्त काढा, मग बोलू."

सुत्त काढले. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात ते आहे. केसमुत्त गावचे कालाम बुद्धांना सांगतात, की अनेक श्रमण-ब्राह्मण येतात, आपले मत उजळ करून दाखवतात आणि दुसऱ्याचे तुच्छ ठरवतात, तेव्हा खरे कोणाचे मानावे? त्यावर बुद्ध दहा आधार मोजून दाखवतात आणि केवळ त्यांच्यावर विसंबू नका असे सांगतात. त्यात ऐकीव गोष्ट आहे, परंपरा आहे, ग्रंथात लिहिलेले आहे, हा श्रमण आमचा गुरू आहे ही भावना आहे. हे आम्हांला ठाऊक होते. पण त्याच यादीत 'तक्कहेतु' आणि 'नयहेतु', म्हणजे निव्वळ तर्क आणि निव्वळ अनुमान, हेही आहेत! ते आम्ही कधी नीट वाचलेच नव्हते. मग कसोटी कोणती? तर एखादी गोष्ट अकुशल आहे, सुज्ञांनी निंदिलेली आहे, आचरणात आणली असता अहिताला व दुःखाला कारण होते, असे स्वतः जाणाल तेव्हा ती सोडा. कुशल व हितकर आहे असे जाणाल तेव्हा ती धरा. लोभ, द्वेष आणि मोह यांचे परिणाम काय होतात, हे बुद्ध पुढे कालामांकडूनच वदवून घेतात.

म्हणजे आम्ही बुद्धांच्या नावावर जे खपवत होतो, ते मूळ वचनापेक्षा उथळ होते. खरा विचार अधिक खोल निघाला. केवळ डोक्याला पटणे पुरेसे नाही, आचरणाचा परिणामही तपासला पाहिजे.

'पहिले बुद्धिवादी' या विधानाचीही तीच गत झाली. सॉक्रेटिसाचा मृत्यू इ. स. पूर्व 399 मध्ये झाला, हे निश्चित आहे. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे वर्ष मात्र परंपरेने इ. स. पूर्व 544 मानतात, अनेक इतिहासकार 483 च्या आसपास धरतात आणि काही अभ्यासक ते इ. स. पूर्व 400 च्या जवळ आणतात. शिवाय ग्रीसमध्ये थेलीस वगैरे विचारवंत सॉक्रेटिसाच्या आधीचे आहेत. तेव्हा 'पहिले' हा शब्द खोडणेच योग्य. त्याने बुद्धांचे काहीही कमी होत नाही.

बँकेत एक साधा नियम असतो. व्हाउचर नसेल तर नोंद नाही. रक्कम कितीही खरी असो, कागद नसेल तर संध्याकाळी हिशेब जुळत नाही. निबंधाचेही तसेच आहे. श्रद्धेने केलेले विधान खरे असू शकेल, पण परिषदेत त्याला आधाराचे व्हाउचर जोडावे लागते.

निबंधाची बांधणी

निबंध कसा बांधावा याचा नमुना शोधायला दूर जाण्याची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. पुढे मे 1917 मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. वाचला तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. ते लगेच आपले मत सांगत नाहीत. आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या ते मांडतात. प्रत्येकीत काय घेण्यासारखे आणि काय अपुरे ते दाखवतात, आणि मग जातीअंतर्गत विवाह हेच जातीचे मर्म, हा आपला सिद्धान्त उभा करतात. शेवटी, तो टिकत नाही असे दाखवून दिल्यास सोडून देण्याची तयारीही बोलून दाखवतात. ज्या माणसाने जातीचे चटके स्वतः सोसले होते, त्याने ही शिस्त पाळली. मग आपण का पाळू नये?

ही रीत आपल्या परंपरेतही जुनी आहे. सम्राट अशोकाच्या काळी पाटलिपुत्रास तिसरी संगीती झाली. त्या वेळी मोग्गलिपुत्त तिस्स यांनी रचलेल्या 'कथावत्थु'मध्ये दोनशेहून अधिक वादविषय आहेत. त्यात विरुद्ध पक्षाचे म्हणणे आधी पुढे येते, मग प्रश्नोत्तरांनी त्याची तपासणी होते.

प्रत्यक्ष पाठवताना

आता व्यवहाराच्या गोष्टी क्रमाने सांगतो.

1. निवेदन पूर्ण वाचावे. विषय, शब्दमर्यादा, भाषा आणि अंतिम तारीख वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावी. विषयाबाहेरचा निबंध चांगला असला तरी परत येतो.

2. परिषद कोणती ते पारखावे. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन 1919 साली पुण्यास भांडारकर संस्थेत भरले. तेथे पाली व बौद्धविद्येचा स्वतंत्र विभाग असतो. इंडियन फिलॉसॉफिकल काँग्रेस 1925 साली कलकत्त्यास सुरू झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष रवींद्रनाथ टागोर होते. अशा जुन्या संस्था ओळखता येतात. मात्र आजकाल केवळ शुल्क उकळण्यासाठी मोठमोठ्या नावांनी परिषदा निघतात. निबंध न वाचताच दोन दिवसांत 'स्वीकृत' असे कळवून पैसे मागत असतील, तर सावध राहावे.

3. सारांशात चारच गोष्टी असाव्यात. प्रश्न काय, आजवर अभ्यासक काय म्हणाले, आमचे म्हणणे काय आणि त्याला आधार कोणता. बुद्धांचे गुणवर्णन, प्रास्ताविक, आभार यांना तेथे जागा नाही.

4. प्रश्न लहान घ्यावा. 'बौद्ध तत्त्वज्ञान आणि ग्रीक तत्त्वज्ञान' हा विषय जन्मभर पुरेल. 'कालाम सुत्तातील तक्कहेतु या शब्दाचा अर्थ' हा वीस मिनिटांत मांडता येतो.

5. मूळ पाठ पाहावा. नालंदेची देवनागरी आवृत्ती भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली निघाली. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानेही देवनागरीत त्रिपिटक छापले आहे. आज ते संगणकावर शोधताही येते. अनुवाद अवश्य वापरावा, पण ज्या शब्दावर मुद्दा उभा आहे तो शब्द पालीतच पाहावा.

6. नाव झाकण्याची अट असेल तर ती कसोशीने पाळावी. निबंधात 'आमच्या विहारात' किंवा 'माझ्या मागील लेखात' असे लिहिले, तर नाव न लिहूनही ओळख उघड होते.

7. वाचनास बहुधा वीस मिनिटे मिळतात. सावकाश वाचल्यास तेवढ्यात सुमारे दोन हजार शब्द होतात. घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहावे.

प्रश्नोत्तरांची वेळ

खरी परीक्षा वाचनानंतर असते. येथे 'मिलिंदपञ्ह' आठवावा. सागल नगरीचा ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनांशी चर्चा करू इच्छितो. नागसेन विचारतात, पंडितांच्या रीतीने बोलणार की राजांच्या? पंडितांच्या चर्चेत खंडन होते, चूक दाखवली जाते, मान्यही केली जाते, आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा करतात. मिलिंद पंडितांची रीत पत्करतो, म्हणून तर पुढचा सारा ग्रंथ घडतो. प्रश्न विचारणारा हा शत्रू नव्हे. उत्तर ठाऊक नसेल तर 'पाहून सांगतो' म्हणावे. त्यात कमीपणा नाही.

आम्ही काय केले?

तोच विषय आम्ही पुन्हा लिहिला. या वेळी शीर्षकात 'पहिले' नव्हते आणि तर्काची मर्यादा हाच मुख्य मुद्दा होता. पुढल्या वर्षी दुसऱ्या एका परिषदेत तो स्वीकारला गेला. आमच्या शिक्षिका ताईंनी तो वाचला. सभागृहात तीसएक माणसे होती, टाळ्या बेताच्याच पडल्या. पण नंतर एका प्राध्यापकांनी जवळ येऊन विचारले, "हा दहा आधारांचा तक्ता मला विद्यार्थ्यांसाठी द्याल का?" परत आलेल्या पहिल्या कागदाचे सार्थक झाले असे आम्हांला त्या वेळी वाटले.

पदवी नाही, इंग्रजी नाही, अशी सबब आपण सांगतो. गोव्यातील साखवाळच्या धर्मानंद कोसंबींपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. ते घर सोडून ज्ञानाच्या शोधात निघाले, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत गेले, पाली शिकले आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनाचे काम केले. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र शासनाने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपली बोलण्याची भाषा आणि आपल्या वंदनेची भाषा एकाच दिवशी त्या पंक्तीत बसल्या. दर्जा शासन देते, अभ्यास मात्र आपल्यालाच करावा लागतो.

वाचकांना आमची विनंती एवढीच, की येत्या वर्षावासात प्रत्येक अभ्यासमंडळाने एक सुत्त, एक शब्द आणि एक प्रश्न निवडावा. तीनशे शब्द लिहावेत आणि पाठवावेत. परत आले तर शेरा जपून ठेवावा आणि पुन्हा लिहावे. जय भीम!