सणाची खरेदी आणि पर्यावरण : वाटतं तितकं सोपं का नाही?

गणपती जवळ आले की शाळेत 'पर्यावरणपूरक गणेशोत्सव' या विषयावर निबंध होतात, घोषवाक्ये होतात, फेरी निघते. पण खरी परीक्षा बाजारात मूर्ती घेताना असते.

पहिली अडचण पैशांची. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती साच्यातून झटपट निघते, हलकी असते, सहसा स्वस्तही पडते. शाडूची मूर्ती जड आणि नाजूक. वाळायलाही वेळ घेते. म्हणून ती महाग. हातावर पोट असलेल्या घराला 'शाडूचीच घ्या' म्हणणं सोपं, पण खिशाचं काय? आणि पेणसारख्या गावात कित्येक घरांची चूल मूर्तीकामावर पेटते, हेही विसरून चालणार नाही.

दुसरी अडचण ओळखण्याची. रंग चढला की मूर्ती कशाची आहे ते पटकन कळत नाही. दुकानदाराला विचारा, बिलावर लिहून मागा.

तिसरी अडचण पर्यायाचीच. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, पण त्या जागी प्लास्टिकची फुलं आणली तर काय साधलं? शाडूही जमिनीतून खणूनच काढतात. हजारो मूर्ती एकाच तळ्यात गेल्या तर गाळ साचतोच.

चौथी अडचण घरातली. आजी म्हणते, "विसर्जन वाहत्या पाण्यातच हवं." तिथे वाद घालू नका, समजावून सांगा.

मग करायचं काय? लहान मूर्ती घ्या. शाडूची असेल तर बादलीत विसर्जन करा. खाली बसलेली माती वाळवून पुन्हा वापरता येते. प्लास्टरची असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने शोधलेला उपाय आहे : अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती विरघळते. त्यातून कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट तयार होतं. अमोनियम सल्फेट हे खत आहे. सजावटीला कापड, कागद, खरी फुलं वापरा आणि मखर पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवा. जी वस्तू पुन्हा वापरता येते ती पर्यावरणालाही बरी आणि खिशालाही.

सगळं एकाच वर्षी जमणार नाही. पण दरवर्षी एक बदल नक्की जमेल.

स्वाध्याय : गेल्या सणाला घरात आणलेल्या दहा वस्तूंची यादी करा. त्यांतल्या किती आज वापरात आहेत आणि किती कचऱ्यात गेल्या? यंदा कोणती एक टाळाल? कारणासह लिहा.