आपण भक्त आहोत की शिष्य?



कोणी धर्म विचारला तर आपण लगेच सांगतो, ‘आम्ही ख्रिस्ती.’ पण नव्या करारात ‘ख्रिस्ती’ हा शब्द फक्त तीन वेळा येतो. ‘शिष्य’ हा शब्द मात्र अडीचशेहून अधिक वेळा येतो. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम अंत्युखिया शहरात मिळाले, असे प्रेषितांची कृत्ये (११:२६) सांगते. म्हणजे ती माणसे आधी शिष्य झाली आणि नाव त्यांना नंतर मिळाले. आपल्यापैकी बहुतेकांचे उलट झाले आहे. तान्हेपणीच आपला स्नानसंस्कार झाला आणि नाव मिळाले. शिष्य होणे मात्र अनेकांचे राहूनच गेले.

शिष्य या अर्थाच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे ‘शिकणारा’. पण हे शिकणे पाटी-पुस्तकाचे नव्हे. प्रभू येशूने बारा जणांना निवडले ते प्रथम त्यांनी आपल्या सोबत राहावे म्हणून. संदेश देण्यासाठी पाठवणे त्यानंतर आले (मार्क ३:१४). सुताराचा मुलगा बापाशेजारी बसून रंधा धरायला शिकतो, तसे हे शिकणे आहे. प्रभू कसा क्षमा करतो, कोणाच्या पंक्तीला बसतो, पहाटे उठून एकांतात प्रार्थना कशी करतो, हे शिष्य जवळ राहून पाहत होते.

भक्त आणि शिष्य यांतला फरक समजावणारी एक कथा आपल्याच जिल्ह्यात आहे. नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव विठ्ठलाचे लाडके भक्त. तरी परंपरा सांगते की, संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके पारखले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. नामदेवांना ते फार लागले. पण पुढे ते औंढा नागनाथला गेले आणि विसोबा खेचरांचे शिष्य झाले. देव एका ठिकाणी नाही, सर्वत्र आहे, हा धडा त्यांना तेथे मिळाला. एवढ्या मोठ्या भक्तालाही शिकण्यासाठी नम्र व्हावे लागले. आपल्या शेजारी बांधवांनी शतकानुशतके जपलेल्या या कथेतून आपणही बोध घ्यावा.

आपण रोझरी म्हणतो, नोव्हेना करतो, मेणबत्ती लावतो. हे सर्व चांगलेच आहे आणि ते सोडायचे नाही. पण प्रार्थनेत आपण फक्त मागत असू आणि प्रभू काय शिकवतो हे ऐकत नसू, तर आपलेही मडके अजून भाजायचे आहे.

मात्र ख्रिस्ती शिष्यत्वात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे, येथे शिष्य गुरूला निवडत नाही. गुरूच शिष्याला निवडतो (योहान १५:१६). जाळी धुणाऱ्या कोळ्यांना आणि जकात नाक्यावर बसलेल्या मत्तयला प्रभूने स्वतः जाऊन बोलावले. म्हणून ‘मी त्या लायकीचा नाही’ ही सबब येथे चालत नाही. दुसरी म्हणजे, आपला गुरू एकच आहे आणि आपण सर्व भाऊ आहोत (मत्तय २३:८). फादरही शिष्यच. म्हणून जात, वस्ती किंवा घराणे पाहून ख्रिस्तसभेत कोणी वरचा, कोणी खालचा ठरत नाही. पंगतीत आणि सोयरीक जुळवताना आपण हे किती पाळतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आपल्या महाराष्ट्राचे संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडे पाहा. त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज आणि आई वसईकडची. येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि धर्मशिक्षक झाले. येशूसंघात प्रवेश घेण्याची त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. त्यांनी काही काळ व्यापार केला, पण प्रभूची साथ सोडली नाही. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात साधे ब्रदर झाले. १५९३ मध्ये ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांनी क्रूसावर प्राण दिला. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले. ते धर्मगुरू नव्हते. जी भाषा येत होती ती त्यांनी प्रभूच्या कामाला लावली.

बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे प्रभू सांगतो (लूक १४:२८). आपल्याला कोणी क्रूसावर देणार नाही. आपला खर्च वेगळा आहे. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला पाणी सुटते, तेव्हा दुसऱ्याची पाळी मोडून चारी आपल्याकडे वळवण्याचा मोह होतो. हळद ओली ठेवली तर वजन वाढते. बांध हातभर कोरला तर लगेच कोणाला कळत नाही. भावाशी बोलणे बंद केले तर मान ताठ राहते. अशा वेळी जो थोडा तोटा सोसतो, तो शिष्य. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आपल्या प्रबोधनपत्रात लिहिले की, स्नानसंस्कार झालेला प्रत्येक जण मिशनरी शिष्य आहे. आपले शेजारी कदाचित कधीच शुभवर्तमान वाचणार नाहीत. पण चारीवर आपण कसे वागतो, हे ते रोज पाहतात.

या आठवड्यात घरी सर्वांनी मिळून लूक १४:२५-३३ वाचावे आणि पुढील प्रश्नांवर बोलावे:

१. प्रभूकडून मी अलीकडे कोणती एक नवी गोष्ट शिकलो?
२. शिष्य म्हणून कोणता तोटा सोसायला मी अजून तयार नाही?
३. माझे वागणे पाहून माझी मुले प्रभूविषयी काय शिकत असतील?

हे प्रभो, तू आम्हांला नाव दिलेस. आता तुझ्याजवळ बसून शिकण्याची नम्रताही दे. आमेन.

आपला,
फादर