सोयरे, सोबती आणि मतदाराचा विश्वास



ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. बैलांच्या बाबतीत ती कितपत खरी आहे हे आपले शेतकरी बांधव सांगतील. निवडणुकीत मात्र ती मोठे काम करते. उमेदवाराचे मन आपल्याला दिसत नाही. दिसतात त्याच्या आजूबाजूची माणसे. म्हणून त्याचा भाऊ कोण, साळा कोण, गाडीत शेजारी कोण बसतो, यावरून आपण त्याला जोखतो. यात वावगे काही नाही. पण हे जोखणे कुठपर्यंत न्यावे?

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. १९ जुलै २००७ रोजी राष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. उमेदवार होत्या प्रतिभाताई पाटील. त्यांचे माहेर जळगाव जिल्ह्यातले, सासर अमरावतीचे. १९९१ साली त्या अमरावतीतूनच लोकसभेवर निवडून गेल्या होत्या. यजमान देवीसिंह शेखावत हे अमरावतीचे पहिले महापौर. समोर उभे होते उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत, म्हणजे एकीकडे शेखावतांची सून आणि दुसरीकडेही शेखावतच!

त्या दिवसांत प्रतिभाताईंच्या कामापेक्षा त्यांच्या माणसांचीच चर्चा अधिक झाली. जळगावात त्यांच्या पुढाकाराने महिलांची एक सहकारी बँक निघाली होती. रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये तिचा परवाना रद्द केला. तेथे नातेवाइकांना कर्जात सवलत मिळाली, असा आरोप विरोधकांनी केला. यजमानांवर आणि भावावरही आरोप झाले. त्यांच्या पक्षाने हे सारे नाकारले. दुसऱ्या बाजूला, भाजपच्या आघाडीत असूनही बाळासाहेब ठाकरे यांनी शिवसेनेचा पाठिंबा प्रतिभाताईंना दिला, कारण त्या मराठी. हाही संबंधच! नाते नडते तसे तारतेही.

निकालात प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ इतके मतमूल्य मिळाले. यावरून लोकांनी आरोप मनावर घेतले नाहीत असे कोणी म्हणेल, तर ते घाईचे होईल. या निवडणुकीत तुम्ही-आम्ही मत देत नाही. खासदार आणि आमदार देतात. तेव्हा खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते आणि महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे १७५. पक्षांचे गणित आधीच बसलेले होते. सामान्य मतदाराला कौल देण्याची संधी मिळाली ती २००९ मध्ये. राष्ट्रपतींचे चिरंजीव राजेंद्र शेखावत यांना अमरावती विधानसभेची काँग्रेसची उमेदवारी मिळाली. तेथील आमदार डॉ. सुनील देशमुख यांचे तिकीट कापले गेले आणि ते अपक्ष उभे राहिले. शेखावत निवडून आले. २०१४ मध्ये देशमुखांनी भाजपच्या तिकिटावर त्यांचा पराभव केला. आईचे पद हा गुण की दोष, याचे उत्तर एकाच शहराने पाच वर्षांत दोन तऱ्हांनी दिले असे कोणी म्हणेल. मला वाटते, दुसऱ्या वेळी लाटही होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना न्यायशास्त्रातला धूर आणि अग्नी आमच्या फार डोक्यात बसला होता. धूर दिसला की अग्नी आहे असे म्हणता येते, कारण अग्नीवाचून धूर नसतो. भाऊ वाईट म्हणून बहीणही वाईट, यात असा अटळ संबंध कुठे आहे? भाऊ आपण निवडत नाही, तो जन्माने मिळतो. संस्था मात्र आपण काढतो, तिला नाव देतो, तिचा मान घेतो. म्हणून भावाविषयीचा प्रश्न आणि बँकेविषयीचा प्रश्न एका मापाने मोजू नयेत. भावाबद्दल एवढेच विचारावे की बहिणीच्या पदाचा त्याला आसरा मिळाला का. बँकेबद्दल मात्र हिशेब मागण्याचा ठेवीदाराला पूर्ण हक्क आहे.

संबंधावरून संशय घेतला जाणे म्हणजे काय, हे आपण कॅथोलिकांनी तरी विसरू नये. १९६० मध्ये अमेरिकेत जॉन केनेडी उभे राहिले, तेव्हा हा मनुष्य पोपमहाशयांच्या आज्ञेत राहील अशी भीती अनेकांनी घातली. १२ सप्टेंबरला ह्यूस्टन येथे प्रोटेस्टंट पाळकांच्या सभेत जाऊन केनेडींनी त्यांच्या प्रश्नांना तोंड दिले. जवळपास सात कोटी मतांत ते सुमारे एक लाख बारा हजारांनी पुढे राहिले. २००८ मध्ये बराक ओबामांची अडचण वेगळी होती. त्यांचे पाळक जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांवरून वादळ उठले. मार्चमध्ये त्यांनी पाळकाची मते नाकारली, पण माणसाला टाकले नाही. राइट यांच्या नव्या वक्तव्यांनंतर त्यांनी संबंध तोडले आणि मेअखेरीस ते चर्चही सोडले. कोणी याला प्रामाणिकपणा म्हणेल, कोणी सोय. केनेडींना मात्र चर्च सोडावे लागले नाही, आणि मला तेच अधिक सरळ वाटते.

प्रभू येशूवरही संगतीचा ठपका होताच: जकातदारांच्या पंगतीला बसतो! पण तो लपूनछपून गेला नाही. जक्कयाच्या घरी तो भर गर्दीतून, सर्वांसमक्ष गेला. आणि त्या भेटीनंतर बदलला तो जक्कयाचा हिशेब. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेले चौपट परत. पुढाऱ्याच्या सोबत्यांकडेही असेच पाहता येते. त्याच्या सहवासात त्यांचे हात स्वच्छ झाले, की त्याचे मळले?

विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवाराला २००३ पासून शपथपत्र द्यावे लागते. त्यात स्वतःवरील फौजदारी खटले, शिक्षण, तसेच पती किंवा पत्नी व अवलंबितांची मालमत्ता लिहावी लागते. ते कोणालाही वाचता येते, आणि आपल्या युवक मंडळाने ते वाचून इतरांना समजावून सांगावे. भाऊ, साळा आणि कंत्राटदार मित्र यांच्यासाठी मात्र त्यात रकाना नाही. त्यांची चौकशी आपल्याला शेजारीपाजारी, सोसायटीत आणि बाजारातच करावी लागते.